चौतीस मिनिटांचे वळण : गोथेनबर्ग, १९९५ आणि ‘स्लॉटर ऑफ द सोल’

१/
१४ नोव्हेंबर १९९५. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या ‘इअरेक’ या कंपनीने स्वीडनच्या पाच तरुणांचा एक अल्बम प्रसिद्ध केला. अकरा रचना, सुमारे ३४ मिनिटे. बँडचे नाव ‘ॲट द गेट्स’ आणि अल्बमचे नाव ‘स्लॉटर ऑफ द सोल’, म्हणजे आत्म्याची कत्तल. पुढचे वर्ष सरण्याआधीच हा बँड विसर्जित झाला. त्याच्या मागे राहिलेल्या या ३४ मिनिटांनी मात्र पुढील दहा वर्षांत अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील हेवी मेटल संगीताची चाल बदलली. ती कशी, याचा हा मागोवा.

२/
‘मेलॉडिक डेथ मेटल’ म्हणजे सुरावटप्रधान डेथ मेटल. हा अल्बम त्या शैलीचा जनक आहे, असे सर्रास लिहिले जाते. कालक्रम तपासला की हे विधान टिकत नाही. शैली त्याच्या आधीच जन्मली होती. मग त्याचे महत्त्व कशात? एखादी घटना ‘वळण’ ठरते ती घडते त्या क्षणी, की नंतर मागे वळून पाहणाऱ्यांच्या नजरेत? इतिहासाच्या अभ्यासकाला वारंवार भेटणारा हा प्रश्न या अल्बमच्या निमित्ताने फार स्पष्टपणे समोर येतो.

३/
प्रारंभ अमेरिकेतून. कॅलिफोर्नियातील ‘पझेस्ड’चा ‘सेव्हन चर्चेस’ १९८५ मध्ये आला, फ्लोरिडातील ‘डेथ’चा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ १९८७ मध्ये. खालच्या सुरात जुळवलेली गिटार, अतिवेगवान ड्रम्स, घशाच्या तळातून उमटणारा गुरगुरता आवाज आणि मृत्यूविषयक शब्दकळा ही त्या संगीताची लक्षणे. त्यात सुरावटीला दुय्यम स्थान होते. आघात, वेग आणि भीषणता यांनाच प्राधान्य असे. फ्लोरिडातील टँपा हे शहर लवकरच या प्रवाहाचे केंद्र बनले.

४/
युरोपात या संगीताला पहिला स्वतंत्र चेहरा दिला तो स्टॉकहोमने. ‘एंटूम्ड’चा ‘लेफ्ट हँड पाथ’ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. टोमास स्कॉग्सबर्ग यांच्या ‘सनलाइट’ स्टुडिओत ‘बॉस’ या जपानी कंपनीचे एचएम-२ हे गिटारचे पेडल वापरले जाई. त्याची सर्व बटणे शेवटपर्यंत फिरवली की गिटारचा आवाज करवतीसारखा खरखरीत होई. हा खरखराट म्हणजेच ‘स्वीडिश डेथ मेटल’ असे समीकरण रूढ झाले. पश्चिम किनाऱ्यावरील गोथेनबर्गने मात्र निराळी वाट धरली.

५/
गोथेनबर्ग हे राजा गुस्ताव दुसरा आडोल्फ याच्या सनदेने १६२१ मध्ये वसलेले बंदर. विसाव्या शतकात ते कारखान्यांचे आणि गोद्यांचे शहर झाले. १९७०च्या दशकाच्या आरंभी जहाजबांधणीत स्वीडनचा क्रमांक जपानच्या खालोखाल होता आणि त्या उद्योगाचे मोठे केंद्र म्हणजे हेच शहर. मग तेलसंकट आले, मागणी आटली आणि एकेक गोदी बंद पडू लागली. एरिक्सबर्गची प्रसिद्ध गोदी १९७९ मध्ये थांबली. या कथेतील मुले तेव्हा शाळेची पायरी चढत होती.

६/
ती मुले विशीत पोहोचली तेव्हा दुसरे संकट उभे होते. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी स्वीडनची बँकव्यवस्था कोसळण्याच्या बेतात आली. १६ सप्टेंबर १९९२ रोजी आपले चलन सावरण्यासाठी तेथील मध्यवर्ती बँकेने सीमांत व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला. दोनच महिन्यांत चलनाचा स्थिर दर सोडून द्यावा लागला. १९९० मध्ये दोन टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी तीन वर्षांत आठ टक्क्यांच्या वर गेली. सुरक्षित भविष्याचे जे आश्वासन आधीच्या पिढीने गृहीत धरले होते, ते डळमळले.

७/
आर्थिक संकटातून आपोआप संगीत उपजत नाही. तसे असते तर प्रत्येक मंदीने एक शैली दिली असती. स्वीडनमध्ये त्याला जोड मिळाली ती सार्वजनिक व्यवस्थेची. नगरपालिकांच्या संगीतशाळांचे जाळे दुसऱ्या महायुद्धानंतर देशभर पसरले होते आणि वाद्य शिकणे सामान्य घरातील मुलालाही परवडत होते. त्यातच लोकशिक्षण संस्थांची जुनी परंपरा होती; कामगार चळवळीतून उभी राहिलेली ‘एबीएफ’ ही त्यांपैकी १९१२ची. या संस्थांना शासकीय अनुदान मिळे आणि रॉक बँडचा सरावही ‘अभ्यासमंडळ’ म्हणून नोंदवता येई. तालमीसाठी जागा हाताशी असणे ही मोठी गोष्ट होती.

८/
दुसरी व्यवस्था अनौपचारिक होती : टपाल. इंटरनेटपूर्व काळात जगभरचे डेथ मेटलप्रेमी तरुण एकमेकांना कॅसेट पाठवीत, हाताने जुळवलेली छोटी नियतकालिके काढीत आणि पत्रांतून मते कळवीत. फ्लोरिडात किंवा ब्राझीलमध्ये मुद्रित झालेली तालमीची कॅसेट काही आठवड्यांत गोथेनबर्गच्या उपनगरात वाजत असे. त्यामुळे शहर आकाराने लहान असले, तरी तेथील मुलांचे कान जगाशी जोडलेले होते.

९/
या वातावरणात १९८८च्या सुमारास ‘ग्रोटेस्क’ नावाचा बँड उभा राहिला. गायक टोमास लिंडबर्ग आणि गिटारवादक आल्फ स्वेन्सन हे त्यातील दोघे. तो फुटल्यावर दोघांनी १९९० मध्ये ‘ॲट द गेट्स’ची स्थापना केली. सोबत आले जुळे बंधू आंदेश आणि युनास ब्यर्लर, अनुक्रमे गिटार आणि बासवर, तर ड्रम्सवर आद्रियान एर्लान्सन. १९९१ मध्ये ‘गार्डन्स ऑफ ग्रीफ’ ही छोटी ध्वनिमुद्रिका आली आणि इंग्लंडमधील कंपन्यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले.

१०/
१९९२चा पहिला अल्बम ‘द रेड इन द स्काय इज अवर्स’ आजही श्रोत्याला बुचकळ्यात टाकतो. रचना सरळ चालत नाहीत. ताल अचानक मोडतो, सुरावट अर्धवट सुटते आणि मध्येच व्हायोलिन शिरते. स्वेन्सन यांच्या रचनापद्धतीत एका गीतात अनेक गीतांचा ऐवज कोंबलेला असे. महत्त्वाकांक्षा अफाट होती, पण ध्वनिमुद्रण पातळ होते. १९९३चा दुसरा अल्बम याच वाटेवरचा. त्यानंतर स्वेन्सन बाहेर पडले आणि त्यांच्या जागी मार्टिन लार्सन आले. बँडच्या इतिहासातील हा निर्णायक सांधा होय.

११/
दरम्यान, शैलीचा जन्म अन्यत्र होत होता. १९९३ मध्ये लिव्हरपूलच्या ‘कार्कस’ने ‘हार्टवर्क’ काढला. त्यात डेथ मेटलचा आघात आणि पारंपरिक हेवी मेटलची गेयता एकत्र नांदली. त्यातील एक गिटारवादक मायकेल आमोट हे स्वीडिश होते. त्याच वर्षी गोथेनबर्गच्या ‘डार्क ट्रँक्विलिटी’चा ‘स्कायडान्सर’ आला आणि १९९४ मध्ये ‘इन फ्लेम्स’चा ‘ल्यूनर स्ट्रेन’. शेजारच्या फिनलंडमध्ये ‘अमॉर्फिस’ आपल्या महाकाव्यातील कथा याच सुमारास गात होता. म्हणजे १९९५ पूर्वीच पाया घातला गेला होता. ‘जनक’ ही पदवी एकाच अल्बमला देता येत नाही.

१२/
गोथेनबर्गचे वर्तुळ किती लहान होते याचा एक पुरावा पाहण्याजोगा आहे. ‘डार्क ट्रँक्विलिटी’च्या पहिल्या अल्बममध्ये गायक होते आंदेश फ्रिदेन. ‘इन फ्लेम्स’च्या पहिल्या अल्बममध्ये गायिले ते मिकाएल स्तान्ने, म्हणजे ‘डार्क ट्रँक्विलिटी’चेच तेव्हाचे गिटारवादक. थोड्याच काळात स्तान्ने आपल्या बँडचे गायक झाले आणि फ्रिदेन ‘इन फ्लेम्स’मध्ये गेले. ही स्पर्धक कंपन्यांमधील ओढाताण नव्हती. एकाच आळीतील मुलांनी संघ बदलून खेळावे, तसा तो प्रकार होता.

१३/
१९९४ मध्ये ‘ॲट द गेट्स’ने ‘टर्मिनल स्पिरिट डिसीज’ प्रसिद्ध केला. त्यात थोडी नवी गीते आणि जोडीला काही प्रत्यक्ष मैफलीतील मुद्रणे होती. आकाराने तो लहान असला, तरी दिशा स्पष्ट दिसते : गीते आखूड झाली होती, गुंतागुंत ओसरली होती आणि मुख्य सुरावट पुढे आली होती. त्यानंतर बँड ‘इअरेक’कडे गेला. ‘कार्कस’ आणि ‘एंटूम्ड’ याच कंपनीचे. १९९५ मध्ये पाचही जण गोथेनबर्गच्या ‘स्टुडिओ फ्रेडमन’मध्ये दाखल झाले. तेथे सूत्रे होती फ्रेद्रिक नूर्डस्ट्रम यांच्या हाती.

१४/
नव्या अल्बमचे पहिले तत्त्व काटछाट हे होते. बहुतेक गीते तीन-साडेतीन मिनिटांत आटोपतात. प्रत्येक गीतात एखाद-दोन ठसठशीत रिफ असतात. रिफ म्हणजे पुन:पुन्हा येणारा, गीताला कणा देणारा गिटारचा स्वरखंड. पहिल्या अल्बममध्ये एका गीतावर खर्ची पडलेल्या कल्पनांत येथे तीन गीते उभी राहिली असती. या आटोपशीरपणामुळे त्याची तुलना अनेकदा ‘स्लेयर’च्या ‘रेन इन ब्लड’शी होते. १९८६चा तो अल्बम अर्ध्या तासातच संपतो.

१५/
दुसरे तत्त्व गिटारच्या जोडीचे. एक गिटार सुरावट वाजवते आणि दुसरी तीच सुरावट ठरावीक स्वरांतर राखून सोबत धावते. ही युक्ती ‘आयर्न मेडन’सारख्या ब्रिटिश बँडनी १९७०-८०च्या दशकांत लोकप्रिय केली होती. गोथेनबर्गच्या मुलांनी ती मंद्र, खरखरीत ध्वनीत आणि तुटक, वेगवान आघातात बसवली. परिणामी अतिशय आक्रमक संगीतातही गुणगुणता येईल असे काही तरी उरले. ‘मेलॉडिक’ या विशेषणाचा अर्थ हाच. संगीत मवाळ झाले नाही. ते स्मरणात राहू लागले.

१६/
तिसरे तत्त्व फारसे सांगितले जात नाही : पंक. ब्रिटनच्या ‘डिस्चार्ज’ या बँडच्या घोडदौडीसारख्या तालाने स्वीडनमध्ये फार खोल मूळ धरले होते. लिंडबर्ग आणि एर्लान्सन हे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘शितसिस्टेम’ या पंक बँडमध्येही होते. ‘स्लॉटर ऑफ द सोल’च्या २००२च्या विस्तारित आवृत्तीत तीन परक्या रचना समाविष्ट झाल्या : एक अमेरिकेच्या ‘स्लेयर’ची, एक ऑस्ट्रेलियाच्या ‘स्लॉटर लॉर्ड’ची आणि एक स्वीडिश पंक बँड ‘नो सिक्युरिटी’ची. ही निवड म्हणजे बँडने स्वतःच नोंदवलेली वंशावळच समजावी.

१७/
आशयातही बदल झाला होता. रक्तपात आणि प्रेते हा डेथ मेटलचा ठरलेला मसाला येथे जवळजवळ नाही. ‘ब्लाइंडेड बाय फिअर’, ‘वर्ल्ड ऑफ लाइज’, ‘सुइसाइड नेशन’ ही शीर्षकेच बोलकी आहेत : भयाने आलेले आंधळेपण, असत्याचे जग, आत्मघाताकडे निघालेले राष्ट्र. मृत्यू येथे शरीराचा नसून संवेदनेचा आहे. लिंडबर्ग यांचा आवाजही गुरगुरत नाही. तो वरच्या पट्टीत चिरकत, फाटत जातो. अक्राळविक्राळ दैत्यापेक्षा कोंडीत सापडलेल्या माणसाशी त्याचे नाते अधिक जवळचे.

१८/
अल्बमची रचना विचारपूर्वक केलेली आहे. यंत्राच्या घरघरीने तो उघडतो. ‘कोल्ड’ या गीतातील एकल गिटारवादन पाहुणे कलावंत अँडी लारॉक यांचे आहे. ‘किंग डायमंड’ या नामांकित बँडचे ते गिटारवादक आणि गोथेनबर्गचेच रहिवासी. मध्यावर ‘इन्टू द डेड स्काय’ ही शांत, शब्दविरहित रचना श्वास घेऊ देते आणि शेवटही ‘द फ्लेम्स ऑफ द एंड’ या शब्दविरहित तुकड्यानेच होतो. गतीच्या मध्ये ठेवलेल्या या दोन विरामांमुळे उरलेल्या नऊ गीतांचा मारा अधिक तीव्र वाटतो.

१९/
‘स्टुडिओ फ्रेडमन’मधून अवघ्या काही महिन्यांत तीन अल्बम बाहेर पडले. नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि पाठोपाठ ‘डार्क ट्रँक्विलिटी’चा ‘द गॅलरी’. १९९६च्या आरंभी ‘इन फ्लेम्स’चा ‘द जेस्टर रेस’. तिन्हींच्या ध्वनीवर एकाच स्टुडिओची मुद्रा होती, प्रकृती मात्र भिन्न. ‘द गॅलरी’ गुंफलेला आणि काव्यात्म, ‘द जेस्टर रेस’ लोकधुनांच्या अंगाने जाणारा, तर ‘स्लॉटर ऑफ द सोल’ सुरीच्या पात्यासारखा. या तिघांमुळे ‘गोथेनबर्ग ध्वनी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

२०/
शैलीला गावाचे नाव मिळणे मराठी रसिकाला अपरिचित नाही. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर ही घराणी तशीच ओळखली जातात. फरक एवढाच की घराण्यात विद्या गुरुमुखातून उतरते. गोथेनबर्गात गुरू नव्हता. समवयस्क मित्र, टपालाने आलेल्या कॅसेट, अनुदानित तालीमखोल्या आणि एक ध्वनिमुद्रक एवढ्यावर ती परंपरा उभी राहिली. म्हणूनच ती फार वेगाने वाढली आणि तितक्याच वेगाने विखुरण्याचा धोकाही तिच्यात होता.

२१/
तसेच घडले. अल्बमनंतर बँड दीर्घ दौऱ्यांवर निघाला. ‘ब्लाइंडेड बाय फिअर’ची चित्रफीत एमटीव्हीवर झळकली, नाव होऊ लागले, परंतु आतून बँड उसवत होता. १९९६ मध्ये आंदेश ब्यर्लर बाहेर पडले आणि त्यांच्याशिवाय पुढे न जाण्याचा निर्णय उरलेल्यांनी घेतला. विशीतल्या तरुणांनी बंद केलेला हा बँड, इतकेच त्या क्षणी दिसत होते. आपण एका पिढीचे पाठ्यपुस्तक लिहून ठेवले आहे, हे तेव्हा कोणालाच दिसणे शक्य नव्हते.

२२/
सदस्य पांगले. ब्यर्लर बंधू आणि एर्लान्सन हे ‘द हाँटेड’ या नव्या बँडच्या उभारणीत होते. त्याचा पहिला अल्बम १९९८चा. एर्लान्सन पुढे इंग्लंडच्या ‘क्रेडल ऑफ फिल्थ’मध्ये गेले. लिंडबर्ग ‘डिसफिअर’, ‘लॉक अप’, ‘द क्राउन’ अशा अनेक बँडमध्ये गायिले. इकडे मूळ अल्बम मात्र हातोहाती फिरत राहिला. बँड अस्तित्वात नसल्यामुळे त्याचा पुढचा, कदाचित दुबळा, अल्बम येण्याची शक्यताच नव्हती. अपूर्णतेनेही कधी कधी कीर्ती राखली जाते.

२३/
खरा स्फोट अमेरिकेत झाला. तेथील हार्डकोर पंकच्या वर्तुळात वाढलेल्या मुलांना या अल्बममध्ये ओळखीचा ताल आणि अनोळखी सुरावट एकत्र सापडली. मॅसॅच्युसेट्सचे ‘शॅडोज फॉल’ आणि ‘किलस्विच एंगेज’, मिशिगनचे ‘द ब्लॅक डालिया मर्डर’ या बँडच्या संगीतात तो वारसा स्पष्ट ऐकू येतो. वॉशिंग्टनच्या ‘डार्केस्ट अवर’ने तर २००३चा आपला अल्बम गोथेनबर्गला जाऊन, त्याच ‘स्टुडिओ फ्रेडमन’मध्ये नूर्डस्ट्रम यांच्याकडे मुद्रित केला. लिंडबर्ग त्यात पाहुणे गायक होते. शिष्य गुरूच्या गावी पोहोचले होते, आणि गुरूचा बँड मात्र उरला नव्हता.

२४/
२०००च्या दशकात अमेरिकेत ‘मेटलकोर’ नावाने जे लोकप्रिय झाले, त्याच्या गिटारवादनाचा मोठा हिस्सा १९९५च्या गोथेनबर्गातून आलेला आहे. येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘स्लॉटर ऑफ द सोल’ने शैली जन्माला घातली नाही; तिला शिकता येईल असे व्याकरण दिले. पहिल्या अल्बमच्या चक्रव्यूहाची नक्कल कोणी करू शकले नसते. या अल्बमचे रिफ मात्र सोळा वर्षांचा मुलगा आपल्या खोलीत बसवू शकत होता. प्रसार होतो तो बहुधा अशाच रूपाचा, जे दुसऱ्याच्या हाती देता येते.

२५/
त्याची किंमतही मोजावी लागली. व्याकरण सोपे झाले की अनुकरण सोपे होते आणि अनुकरण वाढले की साचा बनतो. दहा वर्षांत त्याच धाटणीचे रिफ इतक्या ठिकाणी वाजले की मूळ अल्बम प्रथमच ऐकणाऱ्या नव्या श्रोत्याला तो ‘नेहमीचाच’ वाटू लागला. प्रभाव पाडणाऱ्या कृतींच्या वाट्याला हा विचित्र अन्याय येतो. म्हणूनच ती कृती तिच्या सालात ठेवून ऐकावी लागते : १९९५ मध्ये जे ऐकू येत नव्हते, ते काय, हे आधी माहीत असावे लागते.

२६/
२००८ मध्ये ‘ॲट द गेट्स’ पुन्हा मंचावर आला. ज्या गीतांना त्यांनी विशीत निरोप दिला होता, ती हजारोंच्या मुखी होती. १९ वर्षांच्या खंडानंतर, २०१४ मध्ये ‘ॲट वॉर विथ रिॲलिटी’ हा नवा अल्बम आला. पुढे २०१८ आणि २०२१ मध्ये आणखी दोन. त्यांतील शेवटच्यात बँड पुन्हा गुंतागुंतीच्या, प्रयोगशील वाटेवर गेलेला दिसतो. स्वतःच्याच साच्यात राहण्याचे त्याने नाकारले. १६ सप्टेंबर २०२५ रोजी टोमास लिंडबर्ग यांचे कर्करोगाने निधन झाले. ते ५२ वर्षांचे होते.

२७/
या कथेतून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? ‘पहिला कोण’ हा प्रश्न आकर्षक असला, तरी बहुधा अपुरा असतो. त्याऐवजी विचारावे : हे शक्य करणारी व्यवस्था कोणती होती, कोणाकडून काय घेतले गेले, काय टाकून दिले आणि ते पुढे कोणाच्या हाती गेले? बंद पडलेल्या गोद्यांचे शहर, नगरपालिकेची संगीतशाळा, टपालाने आलेली कॅसेट आणि एका सहकाऱ्याचे निघून जाणे, यांतले काहीही अल्बमच्या मुखपृष्ठावर छापलेले नाही. ३४ मिनिटांच्या त्या नादात मात्र ते सारे आहे.